मुक्कामाचा दिवस

लांबच्या सायकल सफरीत एक दिवस पॅडलला पाय लावायचा नाही, असं आमच्या गटात ठरलेलं आहे. तो दिवस कुठे काढायचा यावर मात्र दर वेळी वाद होतो. यंदा तो झाला नाही. आबांनी हरिहरेश्वर म्हटलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. आबांनी भोर आगारात एसटी चालवली. वरंधा घाटाचं प्रत्येक वळण त्यांच्या हाताला माहीत. भोरहून महाडला गाडी न्यायची, स्टँडवर चहा घ्यायचा आणि गाडी फिरवून परत घाट चढायचा, यात उमर गेली. महाडच्या पुढे समुद्र आहे हे ठाऊक होतं, पण तिथं दिवसभर बसायला कधी मिळालं नव्हतं.

म्हणून भोरहून निघून नीरा-देवघरच्या कडेकडेने हिरडोशी, मग घाटमाथा, वाघजाईपाशी भजी आणि तिथून खाली वरंध, बिरवाडी, महाड. महाडला रात्र काढून गोरेगाव, म्हसळा आणि शेवटी सावित्रीच्या मुखाशी असलेलं हे गाव. पाच जण आहोत. आबा, वेल्ह्याकडच्या शाळेतले मास्तर, आरोग्य केंद्रात नर्स असलेल्या ताई, वेळवंडी खोऱ्यातला कॉलेजात शिकणारा पोरगा आणि मी. आज माघ शुद्ध षष्ठी. आजचा दिवस मुक्कामाचा.

पहाटे साडेपाच

आबा उठलेले असतात. पहिल्या गाडीची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. बाकीच्यांनी उठायचं नाही असा आजचा नियम आहे आणि तो पाळणं सोपं नसतं. अंगाला लय लागलेली असते. डोळा उघडला की हात बाटली शोधायला जातो. घाट उतरल्यावर मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त बोलतात, त्या दिवशी नव्हे. स्नायूंतली साखरेची पुंजी नीट भरून यायला चांगलं जेवण आणि जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो. हे मास्तर सगळ्यांना समजावून सांगतात, आणि पडून राहायला त्यांनाच सगळ्यांत जड जातं.

बाहेर अंधारात पाण्याचा आवाज चालू आहे. भोरकडे पहाटे आवाज येतो तो दुधाच्या गाड्यांचा.

सकाळी सात

उतरलो त्या घरच्या काकूंनी अंगणात चहा दिला. घर कौलारू, मागे नारळ-सुपारीची वाडी, पुढे तुळस. काकूंचे यजमान पंचांग बघून आमचा दिवस आखून देतात. मला ही गोष्ट फार आवडली. आम्ही मोबाइलवर वेळा शोधत होतो आणि त्यांनी बोटांवर हिशेब केला. तिथीची पाऊणपट करायची. षष्ठी म्हणजे सहा, त्याची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमाराला भरती पूर्ण, आणि दुपारनंतर पुन्हा साडेचार-पाचला. मधे सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेअकराच्या सुमाराला पाणी सगळ्यांत मागे. पौर्णिमा-अमावास्येला पाणी लांब जातं आणि उंचही चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, तो भांग. आज भांगाकडे झुकलेला दिवस आहे.

"प्रदक्षिणा साडेनवाला सुरू करा. पाण्यात उतरायचं तर तीननंतर, चढत्या पाण्यात. ओहोटी लागली की बाहेर या," ते म्हणाले.

झाला आमचा दिनक्रम. एसटीचं वेळापत्रक कंट्रोलरच्या खिडकीशेजारी लागतं. इथलं चंद्र लावतो आणि रोज पाऊण तासाने पुढे सरकवतो. आबांनी ते दोनदा विचारून पक्कं केलं आणि हिशेब स्वतः करून पाहिला, सप्तमीचा, अष्टमीचा, एकादशीचा.

साडेसात

अंगणाच्या कोपऱ्यात सायकली उलट्या केल्या. लोक म्हणतात विश्रांती, पण मुक्कामाच्या दिवसाचा पहिला दीड तास सायकलीचा. हा वेळ चुकवणाऱ्याला परतीच्या घाटात त्याची किंमत मोजावी लागते.

माझ्या सायकलला रिमवर दाबणारे ब्रेक आहेत. वरंधा उतरून आल्यावर ब्रेकची रबरं काढून उजेडात धरली की त्यांत चमकणारे बारीक कण दिसतात. रिमचं अॅल्युमिनियम खरवडून रबरात रुतलेलं असतं. ते तसंच राहिलं तर पुढच्या प्रत्येक दाबाला रिम आणखी खरवडते. काकूंकडून सुई मागून घेतली. एकेक कण टोकाने उचकटून काढायचा, मग रबराचा वरचा गुळगुळीत झालेला थर काचकागदावर घासायचा, की रबर पुन्हा पकडतं. एका चाकाची जोडी व्हायला वीस मिनिटं गेली. पोरगा बाजूला बसून बघत होता. त्याच्या सायकलला डिस्क आहे, पण दुसरी जोडी त्याने मागून घेतली आणि माझ्यापेक्षा बारकाईने केली.

चेनला रॉकेल आणि जुना टूथब्रश. इथल्या हवेत मीठ आहे. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या चेनवर सकाळी तांबूस छटा आलेली असते. म्हणून पुसून, सुकवून, एकेका कडीवर तेलाचा थेंब आणि वरचं जादा तेल फडक्याने काढायचं, नाहीतर वाळू चिकटते. वाळूत सायकल न्यायची नाही हेही त्याच कारणाने. किनाऱ्यावर सायकलसह फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. वाळू बेअरिंगमध्ये गेली की चारशे रुपयांचं काम आणि भोरशिवाय मिस्त्री नाही.

तोवर ताईंनी माणसांची तपासणी उरकली. बूड, गुडघे आणि करंगळ्या. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालंय का, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. उतारावर हँडलवर सगळा भार तळहाताच्या बाहेरच्या कडेला येतो आणि तिथली नस दबते. मास्तरांची डावी करंगळी बधिर होती आणि ते दोन दिवस बोलले नव्हते. ताईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. हँडल थोडं वर उचललं, ग्रिपवर फडकं गुंडाळलं आणि आज हातात जड काही धरायचं नाही असं बजावलं.

सव्वानऊ

घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी खाऊन देवळाकडे. इथली रीत आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. पेशव्यांचं हे कुलदैवत. देवळामागून पायऱ्या डोंगर चढतात आणि मग दोन कड्यांच्या अरुंद फटीतून सरळ समुद्रात उतरल्यासारख्या खाली जातात. वारा तिथे अंगावर येतो. खाली खडकांचा सपाट ओटा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. डोंगराच्या पायथ्याशी त्या ओट्यावरून चालत वळसा घालून परत देवळाच्या पुळणीवर यायचं, ही प्रदक्षिणा. भरतीत ही वाट पाण्याखाली जाते. तशी पाटी लावलेली आहे आणि तरी माणसं जातात, लाटेने ओढली जातात. आम्ही घड्याळ लावून उतरलो.

कडा बघावा. खारं पाणी आणि वाऱ्याने खडकाला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत. तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी सुकतं, मीठ उरतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण आतून ढकलून काढतात. आमच्या तोरण्या-राजगडाचा दगड पावसाने आणि उन्हाने झिजतो. इथला मिठाने.

पोरगा एका खळग्यापाशी बसला तो उठेना. ओहोटीत मागे राहिलेल्या पाण्यात वीतभर जागेत खेकडा, शंख, एक चपळ मासा. तो भाटघरच्या पाण्याकाठचा. त्यांच्या खोऱ्यात पाणी वर्षातून एकदाच ओसरतं. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं, मग नीरेच्या कालव्यांनी ते बारामती-इंदापूरकडे, फलटण-माळशिरसकडे जायला लागतं, आणि मे महिन्यात तळ उघडा पडतो. तेव्हा पाण्यात बुडालेलं कांबरेश्वराचं मंदिर बाहेर येतं आणि माणसं दर्शनाला जातात. पाऊस आला की पुन्हा बुडतं. "आमचं एकदा जाणार आन् वर्षानं येणार. ह्ये दिवसातनं दोनदा जातंय आन् दोनदा येतंय," तो म्हणाला.

मला त्याचं हे वाक्य दिवसभर पुरलं. भोर-वेल्ह्याची माणसं पाण्याशेजारी राहतात, पण ते पाणी कुणाच्या तरी पाळीचं असतं. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, सगळ्यांची आवर्तनं ठरलेली, पातळी मोजलेली. नीरा, वेळवंडी, कानंद, गुंजवणी, सगळ्या नद्या पूर्वेला निघतात. नीरा नरसिंहपूरला भीमेत, भीमा कृष्णेत, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागरात. घाटमाथ्यावरून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर हा समुद्र असताना आमचं पाणी सगळा देश ओलांडून दुसऱ्या समुद्राला जातं. पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस मात्र काळ-सावित्रीतून एका दिवसात इथे येतो. महाबळेश्वरला उगम सांगितलेल्या पाच नद्यांमध्ये सावित्री पश्चिमेला वळली. वरंध्याच्या माथ्यावर उभं राहिलं की हा फरक पायाखाली असतो. इथे येऊन तो डोळ्यांनी दिसला.

बारा

मास्तरांनी वेल्ह्याहून पिशवीतून आंबेमोहोर आणला होता, सायकलच्या कॅरिअरवर, घाटातून. काकूंनी तो शिजवायला घेतला आणि वास अंगणात आला तेव्हा त्या म्हणाल्या, हा आमच्याकडचा नाही. पूर्वी या घाटवाटांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि सुकी मासळी वर जायची आणि वरचं धान्य खाली यायचं. महाड हे सावित्रीवरचं बंदर, तिथून वरंधा, मढे, शिवथर अशा वाटा माथ्यावर चढतात. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठ्याला नेला तो मढे घाटाने, असं केळदची माणसं आजही वाट दाखवून सांगतात. भोरच्या आठवडे बाजारात सुकटीचा आणि बोंबलाचा वास येतो तो याच जुन्या देवाणघेवाणीचा.

आज पानात खालची सुरमई आणि वरचा भात. ताई शाकाहारी, त्यांच्यासाठी वालाचं बिरडं. सोलकढी सगळ्यांना, आणि घाम गाळलेल्या अंगाला मीठ-पाणी लागतंच, म्हणून दोनदा. बोलणं जवळजवळ झालं नाही.

एक ते तीन

झोप. यात सांगण्यासारखं काही नाही.

तीन

पोरग्याने उठल्या उठल्या दिवेआगरचा विषय काढला. सायकलने पटकन जाऊन येतो, संध्याकाळच्या आत. त्याचे पाय विशीतले आहेत आणि त्याला खरंच जमलं असतं. मास्तरही डळमळले. आबांनी नाही म्हटलं. एसटीत ड्रायव्हरची ड्युटी संपली की त्याला विश्रांती घ्यावीच लागते, कारण दुसऱ्या दिवशी मागे पन्नास माणसं बसलेली असतात. "तू दमशील तवा कळायचं न्हाय. परवा घाटात तुझ्यासाठी आमी थांबू, ते कळंल," ते म्हणाले. मला हे पटतं. गटातला एक जरी निघाला तरी बाकीच्यांची विश्रांती मोडते. कान वाटेकडे लागतात, मोबाइल हातात येतो. सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी थांबणं हे मुक्कामाच्या दिवसाचं खरं काम आहे, आणि तरण्या माणसाला ते घाट चढण्यापेक्षा जड जातं. पोरग्याने सायकलला कुलूप लावून किल्ली ताईंकडे दिली.

पाण्यात उतरलो ते चढत्या भरतीत, कमरेपर्यंत, खडकांपासून लांब. धरणाकाठच्या पोरांना पोहता येतं आणि म्हणूनच इथे भीती जास्त. धरणाचं पाणी जागचं हलत नाही, समुद्राचं पायाखालची वाळू काढून नेतं. आबा गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, धोतर वर खोचून. लाट आली की दोन पावलं मागे, गेली की दोन पुढे. अर्धा तास तेवढंच. कुणी त्यांना आत बोलावलं नाही. साडेचारला यजमान बांधावर येऊन उभे राहिले आणि आम्ही न सांगता बाहेर आलो.

पाच

मागच्या वाडीत. श्रीवर्धनचा रोठा म्हणजे सुपारीतली नावाजलेली जात, आणि या सगळ्या पट्ट्याचं पोट त्यावर. अंगणात केशरी सुपारी वाळत पडली होती. चाळीसेक दिवस ऊन द्यावं लागतं, मग सोलायची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्याला लागलं. दुपारच्या काही तासांत वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड शिडशिडीत, एक पडलं की शेजारच्याला घेऊन पडतं. नवं रोप लावलं तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, आणि बागायतदाराला मधली वर्षं खायला लागतंच. यजमानांनी तेव्हा लावलेली झाडं दाखवली. खोडावरच्या वळ्या मोजून त्यांचं वय सांगितलं. यंदा पहिले घड आलेत. एका झाडावर चारच होते, पण त्यांनी पोरग्याला शिडी लावून हात लावायला दिला.

मास्तरांनी पेशव्यांचा विषय काढला. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट इथून घाट चढून वर गेले आणि १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले. आमच्या भोरच्या पंतसचिवांना दमाजी थोराताने कैदेत टाकलं तेव्हा सुटकेसाठी त्यांनीच धडपड केली, आणि त्या उपकारापोटी पुरंदर सचिवांकडून पेशव्यांकडे आला. यजमान म्हणाले, म्हणजे तुमचा किल्ला आमच्या माणसाने घेतला. मास्तर म्हणाले, तुमचा माणूस आमच्याकडे आला म्हणून मोठा झाला. यावर चहा झाला.

सहा

बागमांडल्याच्या जेट्टीवर रिक्षाने. सायकलने पाच किलोमीटर, पण नियम तो नियम. समोर वेसवी, पलीकडच्या टेकडीवर बाणकोटचा किल्ला. जंगल जेट्टीची फेरीबोट गाड्या घेऊन अलीकडे येत होती. सावित्री इथे समुद्राला मिळते, रुंद, मातकट, संथ.

आबा कठड्याशी उभे राहिले आणि मग बोलले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. त्यासोबत मुंबईकडे निघालेल्या एसटीच्या दोन गाड्या गेल्या. शोध या खाडीतून खाली समुद्रापर्यंत चालला. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांच्या ओळखीचे नव्हते, दुसऱ्या आगारांचे होते. तरी त्या रात्रीनंतर पावसाळ्यात पुलावर गाडी घालताना ते प्रत्येक वेळी काच खाली करून पाण्याचा आवाज ऐकायचे. पाणी वाढलं की आवाज बदलतो, असं त्यांचं म्हणणं. आज त्यांनी खिशातून फूल काढून पाण्यात टाकलं. देवळातून आणलेलं असावं. ताई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही बाकीचे जरा मागे थांबलो.

साडेसहाच्या सुमाराला सूर्य बुडाला. षष्ठीची चंद्रकोर आधीच डोक्यावर होती.

रात्री आठ

उकडीचे मोदक, वर तूप. उद्या रथसप्तमी, काकू अंगणात गोवरी पेटवून दूध उतू घालणार. आम्ही तोवर निघालेले असू, म्हणून त्यांनी आजच आमच्यासाठी वाटीवाटी खीर केली.

मग ताटं उचलून तिथेच बैठक. परतीचा हिशेब असा ठरला. उद्या साडेपाचला निघायचं, म्हसळ्यापर्यंतचे चढ उन्हाच्या आधी संपवायचे, महाडला मुक्काम. परवा उजाडताना वरंध गावातून घाटाला लागायचं. चढावर सगळ्यांत पुढे आबा. त्यांच्यापुढे कुणी जायचं नाही. पोरगा शेवटी, हवेचा पंप आणि ट्यूबा त्याच्याकडे. मास्तरांनी दर अर्ध्या तासाला हात झटकायचे आणि करंगळी ताईंना दाखवायची. वाघजाईपाशी पहिला थांबा. उरलेला आंबेमोहोर काकूंनी ठेवून घेतला आणि पिशवीत सुपारी भरून दिली. वजन जवळपास तेवढंच. ती पिशवी पोरग्याच्या कॅरिअरला.